वळिवडे ते वॉर्सा : युरोपचे रक्षण कोणी करावे?



या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला त्या दिवशी आमच्या युनियनचे एक जुने मोल्डर आम्हांला चहाच्या गाड्यावर भेटले. म्हणाले, "अण्णा, हिथं बोनसची बोलणी अडल्यात, आन् तुमी युरोपच्या फौजंची काळजी कराय निघालाय व्हय?" प्रश्न अगदी रास्त होता. चहा संपेपर्यंत त्याचे उत्तर आम्हांला देता आले नाही. ते आज येथे द्यावे असा विचार आहे. ते गृहस्थ समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत, तेव्हा पळवाट नाही.

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की थोड्याच वेळात वळिवडे स्टेशन लागते. तेथे उतरून आपण गांधीनगरच्या घाऊक पेठेत लग्नाचे कापड घेतो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी ही पेठ उभी केली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते ज्या जागी येऊन राहिले ती वसाहत त्यांच्याआधी दुसऱ्याच निर्वासितांची होती. १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथे पोलंडची सुमारे पाच हजार माणसे राहत होती. त्यांत बायका आणि मुलेच फार. त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनेचे देऊळ होते. बर्फाच्या मुलखातली ती मुले पंचगंगेच्या काठी आपल्या उन्हात वाढली. काही माणसे येथेच मरण पावली आणि कोल्हापूरच्या मातीत पुरली गेली.

ही माणसे येथे का आली, हा आमच्या विषयाचा पहिला धडा आहे. १९३९ च्या ३१ मार्चला ब्रिटनने पोलंडला हमी दिली की तुमच्या स्वातंत्र्यावर कोणी घाला घातला तर आम्ही मदतीस येऊ. फ्रान्सशी पोलंडचा दोस्तीचा करार तर १९२१ पासूनच होता. १ सप्टेंबरला हिटलरच्या फौजा पोलंडात शिरल्या. ३ सप्टेंबरला ब्रिटन आणि फ्रान्स यांनी शब्द पाळून जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, आणि तेथेच थांबले. फ्रेंच सैन्य जर्मन हद्दीत काही मैल पुढे सरकले आणि परत फिरले. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून रशियाच्या फौजा आल्या. पोलंड भेकड नव्हते. दोन बाजूंनी दाबले जात असताना ते महिनाभराहून अधिक लढले. पण ज्या मदतीच्या भरवशावर लढाईचा सारा आराखडा आखला होता ती मदत कागदावरच राहिली. पुढे १९४० आणि १९४१ मध्ये पूर्व पोलंडातील लाखो माणसे सैबेरियाकडे आणि मध्य आशियाकडे हद्दपार झाली. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला तेव्हा त्यांची सुटका झाली. लढण्याजोगे पुरुष जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यात भरती झाले, आणि मागे राहिलेली बायकामुले इराणमार्गे हिंदुस्थानात आली. काही जामनगरजवळ बालाचडीला गेली, काही वळिवड्याला.

म्हणजे मोल्डरबुवा, युरोपचे रक्षण नीट झाले नाही त्याची झळ कोठवर येते, तर आपल्या वळिवड्यापर्यंत.

झळ दुसऱ्या मार्गानेही आली. अँडर्सच्या पोलिश सैनिकांनी १९४४ च्या मे महिन्यात इटलीतील मोन्ते कासिनोचा डोंगर घेतला. त्याच इटलीत आपली मराठा पलटणही लढत होती. १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी शिपाई नामदेव जाधव यांनी तेथे जो पराक्रम केला त्याबद्दल दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे माणगाव तालुक्यातले, जाधव नगर जिल्ह्यातले. घाडगे त्याच लढाईत कामी आले. युरोपची राखण करण्यासाठी कोकणातला आणि देशावरचा शेतकरी गेला, आणि त्याला विचारून कोणी नेले नव्हते. म्हणून युरोपने आपले घर आपण राखावे असे म्हणण्याचा आपल्याला थोडासा हक्क पोहोचतो, असे आम्ही मानतो.

आता कोणी विचारील की दोस्ताचा भरवसा धरला तर त्यात वाईट काय? माणूस एकटा थोडाच राहतो? याचे उत्तर शोधायला युरोपात जाण्याचे कारण नाही. करवीरच्या गादीच्या इतिहासात ते आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि नगर वाचन मंदिराच्या बाकावर फार झाले. तेथे हा इतिहास वाचताना आमची झोप उडाली होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१८१२ साली कोल्हापूरची स्थिती कठीण होती. एका बाजूने पेशवे, दुसऱ्या बाजूने पटवर्धन, तिसरीकडून निपाणीकर. चिकोडी-मनोळीवरून कायमचे भांडण. अशा वेळी १ ऑक्टोबर १८१२ रोजी छत्रपतींनी इंग्रजांशी तह केला. इंग्रजांनी राज्याच्या रक्षणाची हमी घेतली. मोबदल्यात मालवणचे बंदर आणि शिवछत्रपतींनी बांधलेला सिंधुदुर्ग त्यांच्या हाती गेला, आणि इंग्रजांच्या संमतीवाचून कोणाशी लढाई करणार नाही असे वचन द्यावे लागले. त्या दिवशी हा सौदा कोणालाही वाईट वाटला नसेल. शत्रू दाराशी होते, आणि नवा दोस्त बलाढ्य होता. कोल्हापूरच्या दरबाराला आम्ही मुळीच नावे ठेवत नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही सही केली असती.

पण पुढे काय झाले? सहा वर्षांनी पेशवाईच बुडाली. ज्या भीतीपोटी तह केला ती भीती गेली, तह मात्र राहिला. १८२० नंतरच्या दशकात इंग्रजांनी तीनदा कोल्हापुरावर फौज आणली आणि नवे तह लिहून घेतले. राज्याने किती सैन्य ठेवावे हे आता हमीदार ठरवू लागला. चारशे स्वार आणि आठशे पायदळ, गडांवरची शिबंदी वेगळी. पन्हाळ्यावर आणि पावनगडावर इंग्रजांची ठाणी बसली. मग राजे लहान असताना कारभारी नेमण्याचा अधिकारही त्यांच्याकडे गेला. त्यांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या कारभारात गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनी मामलेदारांच्या ताब्यात देण्याचे ठरले, आणि १८४४ साली सामानगड आणि भुदरगड यांच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. हे बंड पन्हाळ्यापर्यंत पसरले. कर्नल ओव्हन्स नावाचा इंग्रज अधिकारी गडकऱ्यांनी धरून पन्हाळ्यावर कैदेत ठेवला होता. ऑक्टोबरात सामानगड पडला, १ डिसेंबरला पन्हाळा. त्यानंतर गडांची तटबंदी पाडण्यात आली, गडकऱ्यांची चाकरी मोडली, आणि बंड मोडण्याचा खर्च कोल्हापूरच्याच खात्यावर पडला.

श्रोतेहो, हा क्रम ध्यानात घ्या. प्रथम रक्षणाची हमी आली. मग लढाईला परवानगी लागू लागली. मग सैन्याची संख्या दुसऱ्याने ठरवली. मग कारभारी दुसऱ्याने नेमला. आणि शेवटी आपलेच गड आपल्याच पैशाने पाडले गेले. हे सारे बत्तीस वर्षांत झाले, आणि यातली एकही पायरी उतरताना कोणाला वाटले नसेल की आपण तळघराकडे चाललो आहोत.

आता युरोप. अमेरिकेच्या दोस्तीला तैनाती फौज म्हणावे काय? आमच्या चळवळीतले कित्येक जण तसे म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. ४ एप्रिल १९४९ रोजी जो उत्तर अटलांटिक करार झाला, ज्याला नेटो म्हणतात, त्यात सही करणारे देश नाही म्हणू शकतात. १९६६ मध्ये फ्रान्सच्या द गॉल यांनी आपले सैन्य नेटोच्या हुकमतीतून काढून घेतले आणि अमेरिकन फौजांना फ्रान्समधून जायला सांगितले. त्या गेल्या. कोल्हापूरच्या छत्रपतींनी असे काही सांगितले असते तर काय झाले असते ते आपण जाणतोच. तेव्हा दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

पण फरक आहे म्हणून धोका नाही असे होत नाही. १९५६ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर हल्ला केला. तो हल्ला अन्यायाचाच होता. तो थांबला तो मुख्यतः अमेरिकेने पौंडाची नाडी दाबली म्हणून. जगाला बरे झाले. पण जो राखतो त्याचा शब्द शेवटी चालतो, हे त्या दिवशी लंडनला आणि पॅरिसला कळले. त्याच्या दोनच वर्षे आधी युरोपच्या हातातून एक संधी निसटली होती. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली आणि हॉलंड, बेल्जियम, लक्झेंबर्ग यांनी मिळून एक सैन्य उभारावे असा करार २७ मे १९५२ रोजी झाला होता. कल्पना फ्रान्सचीच होती, आणि ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्याच लोकसभेने ती बाजूला सारली. जर्मनाच्या हाती पुन्हा बंदूक द्यायची या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला. दहा वर्षांपूर्वीच ज्यांच्या गावात जर्मन शिपाई फिरत होते त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्यानंतर सगळ्यांनाच अमेरिकेच्या छत्रीखाली बसणे सोयीचे झाले.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि छत्रीखालच्यांनी आपल्या काठ्याही ठेवून दिल्या. त्याआधी एकट्या पश्चिम जर्मनीच्या सैन्यात जवळजवळ पाच लाख माणसे होती. पुढे सगळ्या जर्मनीचे मिळून दोन लाखही उरले नाहीत. नेटोने २०१४ मध्ये ठरवले की प्रत्येकाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्के संरक्षणावर खर्च करावेत. त्या वर्षी ते माप भरणारे युरोपात दोघेच होते, ब्रिटन आणि ग्रीस. मग २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चढाई केली.

येथे उद्यमनगरातल्या मंडळींना रस वाटेल अशी एक गोष्ट आहे. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला वचन दिले की बारा महिन्यांत दहा लाख तोफगोळे देऊ. पैसे होते, कारखाने होते, इच्छाही होती. वर्ष संपले तेव्हा निम्म्याच्या आसपास गोळे गेले होते. का? तुम्ही लेथवर काम केलेली माणसे आहात, तुम्हांला सांगायला नको. ऑर्डर आली म्हणून माल होत नाही. तीस वर्षे गिऱ्हाईक नसल्याने ज्यांनी खाती बंद केली, ज्यांचे जुने टर्नर आणि फिटर निवृत्त झाले, ज्यांच्या दारूचा आणि पोलादाचा पुरवठा तुटला, त्यांनी एका वर्षात काय करावे? त्यात प्रत्येक देशाचा रणगाडा निराळा, तोफ निराळी, तिचे सुटे भाग निराळे. युरोपीय संघात पंचेचाळीस कोट माणसे आहेत. रशियात पंधरा कोटही नाहीत. संपत्तीचा हिशेब केला तर अंतर त्याहून फार मोठे. इतकी संपत्ती असून शेजाऱ्याची भीती वाटते, कारण ती संपत्ती सत्तावीस पेट्यांत आहे आणि किल्ल्या एकमेकांना लागत नाहीत.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनची लष्करी मदत थांबवली आणि हेरगिरीची माहिती देणेही थांबवले. ते फक्त आठवडाभर चालले; पण आकाशातल्या उपग्रहाची माहिती दुसऱ्याच्या मर्जीवर असली तर खंदकातला शिपाई एका रात्रीत आंधळा होतो, हे साऱ्या युरोपने पाहिले. त्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षांनी डेन्मार्ककडे ग्रीनलंड मागितले, आणि बळाचा वापर करणार नाही असे म्हणायला नकार दिला. २००१ मध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाल्यावर नेटोचे एकमेकांच्या मदतीला धावण्याचे कलम पहिल्यांदा आणि आजवर एकदाच वापरले गेले, ते अमेरिकेसाठी. डेन्मार्कची पोरे अफगाणिस्तानात जाऊन मेली होती. आम्ही ही बातमी वाचली तेव्हा आम्हांला सिंधुदुर्ग आठवला.

आमच्या उमेदवारीच्या काळातली एक गोष्ट येथे सांगायला हवी. एका कारखान्यात आम्ही संप केला. मुंबईचे एक मोठे पुढारी आमच्या पाठीशी होते. त्यांनी शब्द दिला होता आणि तो खोटा नव्हता. त्या शब्दावर विसंबून आम्ही संपनिधी जमवलाच नाही. महिना पाच रुपये वर्गणी काढायलाही माणसे कुरकुरत, आणि आम्हीही म्हणत असू की राहू द्या, साहेब आहेत. संपाच्या तिसऱ्या दिवशी पुढाऱ्यांना दुसरीकडे मोठा तंटा निघाला. ते आले नाहीत. नवव्या दिवशी घराघरांतले पीठ संपले आणि आम्ही खाली मान घालून फाटकातून आत गेलो. पुढाऱ्यांवर आमचा राग नाही. राग आहे तो त्या पाच रुपयांचा. नंतर निधी जमवला, आणि गंमत अशी की निधी आहे म्हटल्यावर तेच पुढारी अधिक आदराने बोलू लागले आणि मालकही चर्चेला लवकर बसू लागला.

फिनलंडची रीत या निधीसारखी आहे. लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास, आणि रशियाशी तेराशे किलोमीटरांहून लांब सरहद्द. १९३९–४० च्या हिवाळ्यात तो देश जवळजवळ एकटाच लढला आणि काही मुलूख गमावूनही स्वतंत्र राहिला. त्यानंतर त्याने सक्तीचे लष्करी शिक्षण कधी बंद केले नाही, जमिनीखालचे आसरे बांधायचे थांबवले नाही. एप्रिल २०२३ मध्ये तो नेटोत गेला तो स्वतःची शिदोरी घेऊन. पोलंडही आज राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्क्यांहून अधिक संरक्षणावर घालतो. नेटोत ज्यांचे प्रमाण सर्वांत मोठे त्यांत त्याची गणना होते. वळिवड्याच्या छावणीची ज्यांना आठवण आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. ती माणसे युद्ध संपल्यावरही बहुतेक घरी गेलीच नाहीत. देश दुसऱ्याच्या पंजाखाली होता. कोणी इंग्लंडला गेले, कोणी आणखी दूर.

आता खरी अडचण सांगतो. आम्ही कामगार चळवळीतले. ३१ जुलै १९१४ रोजी पॅरिसमध्ये ज्यां झोरेस यांचा खून झाला, कारण ते युद्ध नको म्हणत होते. आणि चारच दिवसांनी जर्मनीच्या कामगार पक्षाने युद्धाच्या कर्जाला मत दिले. ही कथा आम्ही तरुणपणी शंभर वेळा सांगितली आहे. तोफेचा पैसा दवाखान्यातून येतो ही आमची घोषणा होती आणि ती खोटी नाही. जून २०२५ मध्ये हेग येथे नेटोने ठरवले की २०३५ पर्यंत संरक्षणावर पाच टक्के खर्च करायचे. त्यांतले साडेतीन निव्वळ लष्कराचे आणि दीड रस्ते, पूल वगैरेंचे. (हिशेबनीस कोठलाही असो, ताळेबंद गोड करण्याची कला सगळीकडे एकच.) स्पेनने तेव्हाच सांगितले की आम्हांला इतके लागणार नाही. हा पैसा आकाशातून पडणार नाही.

डेन्मार्कने काय केले पाहा. तेथे वसंत ऋतूत प्रार्थनेची एक सुटी असे. १६८६ पासून चालत आलेली. २०२३ मध्ये सरकारने कायदा करून २०२४ पासून ती रद्द केली. कारण दिले की लोक एक दिवस अधिक काम करतील, त्याच्या करातून संरक्षणाचा खर्च निघेल. कामगार संघटनांनी कोपनहेगनला प्रचंड मोर्चा काढला, हजारो माणसे थंडीत उभी राहिली. कायदा तरीही झाला. आम्ही त्या मोर्चेकऱ्यांच्या बाजूचे आहोत. ते संरक्षणाला विरोध करत नव्हते. त्यांचे म्हणणे इतकेच की आमच्याशी बोलल्यावाचून आमची सुटी घेऊ नका, आणि ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्याकडून आधी घ्या. शस्त्रांच्या कारखान्यांचे नफे या काळात कसे फुगले ते शेअर बाजाराची पाने वाचणाऱ्यांना माहीत आहे. त्या नफ्यावर कर न बसवता मजुराच्या सुटीवर हात टाकणे म्हणजे गडकऱ्याची जमीन काढून घेऊन गड राखायला सांगणे आहे. १८४४ मध्ये आमच्याकडे तेच झाले होते, आणि गडकऱ्याने दरवाजा आतून लावून घेतला.

म्हणून आमचे मत आता असे झाले आहे की युरोपने आपले रक्षण आपल्या पैशाने आणि आपल्या माणसांनी करावे, अमेरिकेशी दोस्ती ठेवावी पण तिच्यावाचून काही महिने तरी उभे राहता येईल इतकी तयारी करावी. आणि तो खर्च कोणी सोसायचा हे ठरवताना संघटनांना बरोबरीने बसवावे. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही हे वाक्य बोललो नसतो. आमचे काही जुने सहकारी आज सभागृहात मागे बसले आहेत, त्यांच्या चेहऱ्यावरून दिसते की ते आम्हांला घरी जाताना गाठणार. अणुबाँबचे काय, हा त्यांचा पहिला प्रश्न असेल. युरोपात फ्रान्स आणि ब्रिटन यांच्याजवळ तो आहे, आणि बाकीच्यांनी त्या छत्रीखाली जावे अशी बोलणी चालू आहेत. तेथे आमचे पाऊल अडखळते, हे कबूल करतो. छत्री बदलून भागत नाही, आणि प्रत्येकाच्या हाती बाँब देणे तर वेडेपणा आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान वॉर्साला गेले तेव्हा तेथल्या एका स्मारकावर त्यांनी फुले वाहिली. त्या स्मारकावर वळिवड्याचे आणि कोल्हापूरचे नाव आहे. पोलंडच्या राजधानीत आपल्या गावाचे नाव दगडावर कोरलेले आहे ते काही विजयासाठी नव्हे. घर राखता आले नाही अशा माणसांना येथे पाच वर्षे दोन वेळचे जेवण आणि शाळा मिळाली म्हणून. मोल्डरबुवा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आमच्याजवळ आहे. बोनसची बैठक परवा सकाळी अकराला आहे, ती विसरलेलो नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवावेत.